राज्य कुणावर?

३ डिसेंबरचा अपंग दिन जवळ आला की बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या वर्गांत एक उपक्रम हमखास होतो. मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधतात आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावतात. दोघं-तिघं खिदळतात, एखादा खांबाला धडकतो, एखादी रडवेली होते. रुमाल सुटल्यावर बाई विचारतात, "कसं वाटलं?" "भीती वाटली." बाईंना हेच उत्तर हवं असतं. फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात आणि संवेदनशीलता रुजली असं समजून सगळे गॅदरिंगच्या तयारीला लागतात.

हेतू चांगला आहे, वाद नाही. पण मूल यातून जे शिकतं ते मुळातच चूक आहे. पाच मिनिटांच्या रुमालातून फार तर डोळे गेल्याचा पहिला दिवस कळेल. काठीच्या टोकाने पायरी ओळखणं, आवाजावरून खोलीचा अंदाज घेणं, सहा ठिपक्यांवरून बोटं फिरवत झरझर वाचणं हे वर्षानुवर्षांचं कसब त्यात कुठे आहे? एरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, डोळे बांधून वावरलेल्यांना अंध माणसं नोकरीला आणि स्वतंत्र राहायला कमी लायक वाटू लागली. ती तर मोठी माणसं होती. सहा वर्षांच्या पोराने त्याहून शहाणा निष्कर्ष काढावा, ही अपेक्षा कशाच्या बळावर?

गंमत अशी की आंधळी कोशिंबिरीतही डोळे बांधतातच. पण तिथे डोळे बांधलेल्यावर राज्य असतं. तो कान टवकारतो, झेप घेतो, हाती लागलेल्याला चाचपून ओळखतो आणि बाकीचे त्याला चुकवत पळतात. कीव करायला कुणाला सवड नसते.

मुलांना अपंगत्वाबद्दल काय सांगावं याविषयीच्या बाकीच्या मतांवर फार लिहावंसं वाटत नाही. 'देवाघरची खास मुलं' म्हणणाऱ्यांना बहुधा मुलांपेक्षा देवाशीच बोलायचं असतं. कर्तबगार अपंगांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची अडचण 'तारे जमीं पर' या चित्रपटातच दिसते: त्यातला ईशान चित्रकलेची स्पर्धा जिंकला म्हणून बरं. आणि मुलं मुळात निर्मळच असतात, असं मानणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहून पाहावं.

ब्रेलपासून अपंगांच्या हक्कांच्या १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांपर्यंतचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. २०१६ चा कायदा समावेशक शिक्षणाची व्याख्या करताना दोन गोष्टी मागतो: मुलांनी एकत्र शिकावं आणि शिकवण्याची रीत त्यांच्या गरजेप्रमाणे बदलावी. पहिली आपण उत्साहाने उचलली, दुसरी सोयीने विसरलो. त्यामुळे कॅलिपर लावलेलं मूल वर्गात येतं, खेळातही घेतलं जातं, पण लिंबूटिंबू म्हणून. त्याला कुणी आउट करत नाही, त्याच्यावर कधी राज्य येत नाही. सगळे त्याच्याशी फार चांगलं वागतात, आणि तो खरा भिडू नाही हे सगळ्यांना, त्यालाही, पक्कं ठाऊक असतं.

माझा सगळा आग्रह या एका फरकापाशी येऊन थांबतो. मुलांनी एखाद्याला आपलं मानलं की नाही, हे ती त्याचं दप्तर उचलतात का यावरून कळत नाही. त्याच्यावर राज्य देतात का यावरून कळतं. त्यासाठी नियम बदलता येतात: अंधांच्या क्रिकेटमध्ये प्लॅस्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, चेंडू खालून टाकतात, पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजतात. त्रिफळा उडाला की मात्र तो बाद. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला प्रत्येक खेळात राज्य पेलणार नाही, हे खरं. तिथे वेगळा विचार लागेल. पण हा अपवाद पुढे करून आपण बाकीच्यांनाही लिंबूटिंबू करून ठेवलं आहे.

एवढ्याशा मुलांना नियम बदलायला जमेल का, असं शिक्षक विचारतात. गल्लीत खेळणारी पोरं रोज तेच करतात: थेट भिंतीपलीकडे गेला तर आउट, मागे रन नाही, एक टप्पा एक हात आउट. शेजारच्यांच्या काचेसाठी ती कायदे करतात, तर कॅलिपरवाल्या भिडूचा रनर कोण आणि त्याला सूट किती, हेही ठरवतील. भांडणं होतील. तो चिडेल, 'मी आउट नव्हतो' म्हणत बॅट सोडणार नाही. तेव्हा 'जाऊ दे रे, खेळू दे त्याला' म्हणत बाईंनी मध्ये पडू नये.