दान आणि दक्षता
वाचन : २ करिंथ ८:१-५ व १६-२१



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूज, भचाऊ, अंजार उद्ध्वस्त झाले. दोन्ही वेळी हजारो लोक दगावले आणि दूरदूरच्या लोकांनी सढळ हाताने दिले. अशा वेळी द्यावे, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. परंतु दिलेले योग्य हाती पोहोचते की नाही हे पाहणे हाही दानाचाच भाग आहे, याचा मात्र आपणांस विसर पडतो.

यरुशलेमेतील गोरगरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने मंडळ्यांतून वर्गणी जमा केली. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः दारिद्र्यात होत्या, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिले. त्या पैशाला पौल किती जपतो पाहा! प्रेषित असूनही तो सर्व कारभार एकट्याच्या हाती ठेवीत नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू तो पाठवतो. कारणही सांगतो : एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी बोट दाखवू नये आणि व्यवहार देवासमोर तसाच माणसांसमोरही चोख असावा. प्रेषिताला हिशेब देण्यात कमीपणा वाटला नाही, तर हिशेब मागण्यात आपण संकोच का करावा?

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान व सीरियात भूकंप झाला व पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. त्या दिवसांतच लबाडांनी मदतीच्या नावाने पैसे मागण्यास आरंभ केला. लहान मुलाला उराशी धरलेल्या अग्निशामक जवानाचे एक चित्र त्यासाठी वापरले गेले. ते संगणकाने रचलेले होते. जवानाच्या हाताला सहा बोटे होती! पण डोळ्यांत पाणी आले की बोटे कोण मोजतो? मेंढराच्या वेषातील लांडग्यांविषयी प्रभूने आपणांस सावध केलेच आहे.

मग आपण काय करावे? मोबाइलवर आलेल्या आवाहनातील क्यूआर कोडवर पैसे पाठवू नयेत. संस्थेचा पत्ता व खाते आपण स्वतः शोधून काढावे. मुख्यमंत्री सहायता निधी, इंडियन रेडक्रॉस सोसायटी, १९४७ पासून मंडळ्यांच्या वतीने काम करणारी ‘कासा’ अशा परिचित मार्गांनी द्यावे. खाते कोणा एका व्यक्तीच्या नावाचे असेल तर थांबावे. यूपीआयने पैसे देताना पडद्यावर दिसणारे नाव वाचावे. पावती मागून घ्यावी. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

मंडळीत वर्गणी जमा होते तेव्हा ती दोघांनी मिळून मोजावी, वहीत नोंदवावी आणि संस्थेकडून आलेली पावती फलकावर सर्वांना दिसेल अशी लावावी. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांकडून त्यांच्या डबीतील पैसे मोजून लिहून घ्यावेत. प्रामाणिकपणाचा धडा असा हातांनी शिकला की विसरत नाही.

“आजच पाठवा, नाहीतर उशीर होईल,” असे कोणी म्हणेल. परंतु किल्लारीच्या लोकांची घरे पुन्हा उभी राहायला वर्षे लागली. चौकशीसाठी एक दिवस थांबल्याने आपले दान वाया जात नाही. चोराच्या हाती दिल्याने मात्र जाते, आणि त्याबरोबर एखाद्या विधवेचे पोट मारून दिलेले दहा रुपयेही जातात.

तथापि एक मोह याहूनही वाईट आहे. “सगळेच चोर आहेत,” असे म्हणून मूठ आवळून बसणे ही दक्षता नव्हे, तो कंजूषपणाच होय. खातरजमा करावी, आणि ती झाल्यावर द्यावेच. प्रभू आपले हात मोकळे आणि डोळे उघडे ठेवो. आमेन.