सोनं काही झाकत नाही

अकोल्याच्या बाजारात तसबिरींच्या दुकानात गजानन महाराजांच्या फोटोला पाहता पाहता सोनेरी चौकट चढते. फुटावर मोजून पट्टी कापायची, चार कोपरे जुळवायचे, खिळे, काच, मागे पुठ्ठा. गिऱ्हाईक उभ्या उभ्या फोटो घेऊन जातं. पट्टी कारखान्यातूनच सोनेरी होऊन येते. तिच्यात सोनं नसतं आणि त्या किमतीत कुणी ते मागतही नाही.

हाताने सोनं चढवायची रीत मात्र सावकाशीची. इटलीच्या चेन्निनो चेन्निनीने इ. स. १४००च्या सुमारास ती लिहून ठेवली. तिचे मुख्य टप्पे आजही तेच आहेत. लाकडावर आधी सरस आणि खडूचे एकावर एक थर. वाळले की घासायचे. त्यावर तांबड्या मातीचा लेप, मग पाणी फिरवून ओल्या जागी वर्ख सोडायचा. हा वर्ख केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका पातळ. बोटाने उचलायला गेलं की चुरगळतो. म्हणून कारागीर खारीच्या केसांचा चपटा कुंचला स्वतःच्या गालावरून फिरवतो. कातडीचा तेवढा तेलकटपणा वर्ख उचलायला पुरतो. पंखा बंद, श्वाससुद्धा जपून. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून झळाळी आणायची. ज्या काळ्या खडकापासून वऱ्हाडची कपाशीची जमीन झाली, त्याच खडकाच्या पोकळ्यांत अकीक सापडतो.

इतक्या पातळ सोन्याखाली काय लपणार? खडूचा एखादा कण राहिला, कुठे ओरखडा उरला, तर तो दबत नाही. घोटल्यावर उजेड नेमका तिथेच अडखळतो आणि आधी न जाणवलेला दोष दुरून दिसू लागतो. म्हणून जाणत्या कारागिराचा बहुतेक वेळ वर्खाची पुडी उघडण्याआधीच गेलेला असतो.

माणसाला पद, पैसा, मान मिळतो तेव्हाही असंच होतं. ज्याचा तुसडेपणा कालपर्यंत घरच्यांनाच ठाऊक होता, तो सरपंच किंवा साहेब झाला की अख्ख्या गावाला कळतो. ‘खुर्चीनं बिघडला’ असं आपण म्हणतो. खुर्चीने बहुधा नुसता उजेड पाडलेला असतो. मानाची वाट पाहणाऱ्याने घासायचं काम आधीच उरकावं. वर्ख चढल्यावर घासायला गेलं तर आधी सोनंच निघतं.