शिकणारा हात



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी ऑफिसात बसलो होतो. तेवढ्यात मुंबईहून फोन आला. आपल्या धर्मग्रामातील एक रिक्षाचालक हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी तेथील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल झाले होते. (ही हकिकत मी त्यांच्या व त्यांच्या पत्नीच्या परवानगीने लिहीत आहे.) फोन त्यांच्या पत्नीचा होता.

"फादर, सकाळी यांचा नंबर आहे. आत्ता एक तरुण डॉक्टर सही घ्यायला आले होते. मी विचारलं, ऑपरेशन मोठे डॉक्टरच करणार ना? तर म्हणाले, मोठे सर आहेतच, पण छाती मी उघडणार, आणि झडपेचे काही टाकेही मीच घालणार, सर समोर उभे असतील. फादर, हा मुलगा अजून शिकतोय. माझ्या माणसावर शिकणार का तो? सही करू की नको?"

सेमिनरीत मी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, नीतिशास्त्राच्या पेपरात बरे गुणही मिळवले, पण या बाईंना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. "अर्ध्या तासाने फोन करतो," असे म्हणून मी वेळ मागून घेतला, आणि श्रीरामपूरच्या बोर्डिंगमध्ये माझ्याबरोबर असलेल्या एका मित्राला फोन लावला. तो आज मुंबईत हृदयाचा सर्जन आहे. त्या रात्री त्याने जे सांगितले आणि नंतर अनेकदा भेटून जे समजावले, त्यावरून मला या माणसांच्या कामाची थोडीफार कल्पना आली.

या रिक्षाचालकांचा आजार गरिबांच्या घरचा. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात, मूल बरे होते आणि सगळे विसरतात. पण त्या तापाने हृदयाच्या झडपेला धक्का लागलेला असतो, आणि वीस-तीस वर्षांनी ती आकसून जिना चढताना दम लागू लागतो. मग ती झडप काढून तिथे धातूची बसवावी लागते. त्यासाठी छातीचे हाड करवतीने उभे कापतात. रुग्णाचे रक्त नळ्यांवाटे हार्ट-लंग मशीनमध्ये फिरवतात, म्हणजे हृदयाचे व फुप्फुसांचे काम तेवढा वेळ यंत्र करते. मग पोटॅशियम असलेले थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात. मित्र म्हणाला, "मॉनिटरवरची रेघ सपाट होते ना, त्या क्षणाची सवय मला अजून झालेली नाही." तेथून घड्याळ सुरू. महाधमनीला चिमटा लावून किती मिनिटे झाली ते मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ मोठ्याने सांगत राहतो, कारण हृदय फार वेळ तसे ठेवता येत नाही.

झडप बसवायला बारा ते सोळा टाके लागतात. ते एकेक करून घेतात, हिरवा आणि पांढरा दोरा आलटून पालटून, म्हणजे गुंता होत नाही. सगळे दोरे झडपेच्या कडेतून ओवून झाले की झडप त्यांच्यावरून खाली सरकवून गाठी मारतात. टाका खोल गेला तर मागून जाणारी रक्तवाहिनी आवळली जाते. उथळ पडला तर झडपेच्या कडेने रक्त गळत राहते. यात चूक किती होऊ शकते? मित्राने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवले, मधून उजेडही दिसेना.

हे शिकायचे कसे? एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग जनरल सर्जरीची तीन, मग हृदयाच्या सर्जरीची आणखी तीन. विशीत आत गेलेला मुलगा तिशी ओलांडून बाहेर पडतो. आधी बायपाससाठी पायातली शीर काढायला शिकतो. मग छाती उघडायला आणि तारेने बंद करायला. मग नळ्या घालायला. मग एखादा टाका. रात्री तोच आयसीयूत पलंगाशेजारी बसून नळीतून दर तासाला किती रक्त आले आणि लघवी किती झाली ते लिहितो, आणि सकाळी पुन्हा ऑपरेशनला उभा राहतो. सर्जनची जागा रुग्णाच्या उजव्या हाताला. एके दिवशी सर काही न बोलता डाव्या बाजूला, मदतनिसाच्या जागी, जाऊन उभे राहतात, आणि उजवीकडची जागा रिकामी होते. "तो दिवस मला माझ्या लग्नापेक्षा जास्त आठवतो," मित्र म्हणाला. (त्याची पत्नी शेजारीच बसली होती. ती हसली, पण फार नाही.)

या कामाची किंमत ही माणसे स्वतःही मोजतात. मुंबईचे नामवंत हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. हृदयरुग्णांसाठी मोठे रुग्णालय उभारण्याचे त्यांचे काम अर्धवट असतानाच, मे २००३ मध्ये, ते हृदयविकारानेच गेले.

आता प्रश्नाकडे येतो. ॲरिस्टॉटल म्हणतो की काही गोष्टी अशा असतात की त्या शिकल्यावर करायच्या नसतात, करत करतच शिकायच्या असतात. घर बांधूनच माणूस गवंडी होतो. सद्गुणांविषयी बोलताना त्याने हा दाखला दिला, आणि आम्ही तो पाठ केला. पण भिंत वाकडी आली तर पाडून पुन्हा बांधता येते. इथे भिंतीच्या जागी माणूस आहे.

म्हणून आधी प्राण्यांवर शिकतात. १९४४ साली अमेरिकेत डॉ. ब्लॅलॉक यांनी एका निळसर पडलेल्या, पंधरा महिन्यांच्या मुलीवर पहिल्यांदा एक ऑपरेशन केले. ते कसे करायचे हे खरे तर त्यांच्या प्रयोगशाळेतील व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाला ठाऊक होते. त्याने ते कुत्र्यांवर कित्येकदा केले होते. तो एका सुताराचा मुलगा, डॉक्टर नव्हता. ऑपरेशनच्या वेळी तो स्टुलावर चढून ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागे उभा राहिला आणि टाका कुठे घ्यायचा ते सांगत राहिला. ती मुलगी काही महिनेच अधिक जगली. नंतर त्याच ऑपरेशनने हजारो मुले वाचली. हार्ट-लंग मशीन घडवणाऱ्या डॉ. गिबन यांनी मे १९५३ मध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीचे हृदय यशस्वीरीत्या उघडले. पुढचे दोन रुग्ण दगावले, आणि ज्या यंत्रासाठी आयुष्यातील जवळजवळ वीस वर्षे घातली, ते वापरून हृदयावर ऑपरेशन करणे त्या माणसाने कायमचे सोडले. मी हे वाचले तेव्हा त्यांच्या सोडण्याविषयी मला आदर वाटला. मित्राला नाही वाटला. तो म्हणाला, "सगळ्यांनी गिबनसारखं सोडलं असतं, तर तुझा रिक्षावाला आज कुठे गेला असता?"

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. नाशिकची कितीतरी कुटुंबे दादरला उतरून तिथे गेलेली आहेत. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिले हृदयरोपण केले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केले. सेन यांनी त्याआधी वर्षानुवर्षे कुत्र्यांवर सराव केला होता. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तोही रुग्ण दिवसभरसुद्धा जगला नाही. भारतात हृदयरोपण यशस्वी व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. त्या साली अवयवरोपणाचा कायदा झाला आणि दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ते करून दाखवले. दिल्लीच्या त्या रुग्णाविषयी आपण आनंदाने वाचतो. परळच्या त्या दोघांविषयी कोण बोलते?

कांट हा तत्त्वज्ञ सांगतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला "केवळ" हा शब्द महत्त्वाचा. विद्यार्थीदशेत मी तो घाईने वाचून पुढे जात असे. शिकणारा डॉक्टर रुग्णाचा उपयोग करून घेतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच टाक्याने तो त्या रुग्णाला वाचवतही असतो. मग "केवळ साधन" कधी होते? माझ्या मते, त्याच्यापासून सत्य लपवले की होते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या रुग्णालयात १९९० च्या दशकात लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशने होत. तिथे मुले इतर ठिकाणांपेक्षा जास्त दगावत होती. एका भूलतज्ज्ञाने आकडे जमवून वरिष्ठांना दाखवले, पण त्याचे कोणी ऐकले नाही, आणि शेवटी तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. २००१ च्या चौकशी अहवालानुसार १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील तीस ते पस्तीस मुले, इतरत्र वाचली असती अशी, तिथे गेली. ते सर्जन निष्काळजी होते असे नव्हे. कष्ट करत होते, आणि पुढच्या खेपेला जमेल अशी आशा धरून होते. त्याच देशात त्याच सुमारास लंडनच्या डॉ. मार्क द लेव्हाल यांच्या हातून नवजात बाळांच्या अशाच एका अवघड ऑपरेशनात लागोपाठ अपयश येऊ लागले. ते थांबले. ज्याचे निकाल चांगले होते अशा दुसऱ्या सर्जनकडे जाऊन, नाव झालेल्या वयात, पुन्हा शिकून आले. आणि १९९४ साली आपल्या अपयशांचा हिशेब वैद्यकीय नियतकालिकात सर्वांसमोर मांडला. अनुभवी माणसाने असे पुन्हा विद्यार्थी होणे किती जड असते, हे मला विचारा. मी पुरोहित झाल्यावर दिलेला पहिला मयताचा उपदेश इतका पोपटपंची होता की त्या घरची म्हातारी माझ्याकडे पाहतही नव्हती. माझेही शिकणे कुणाच्या तरी दुःखावरच झाले आहे. मात्र त्यांनी कुठे सही केली नव्हती.

आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची बायपास झाली, तेव्हा मी काय केले? चार ठिकाणी फोन केले, "सगळ्यात अनुभवी कोण?" असे विचारले, भावाने कर्ज काढले, आणि आम्ही खासगी रुग्णालयातील पांढऱ्या केसांचा सर्जन गाठला. माझ्या वडिलांवर कोणी शिकू नये याची पक्की तजवीज केली. त्या सर्जनचे हात मात्र महापालिकेच्या रुग्णालयातच तयार झाले होते. ज्यांच्यावर ते तयार झाले त्यांच्याकडे चार ठिकाणी फोन करण्याची सोय नव्हती. सरकारी योजनेतून आज गरिबाचे ऑपरेशन फुकट होते, नाशिकमध्येही होते, हे चांगलेच आहे. पण ते अगदी फुकट नसते. शिकणाऱ्या हाताखाली झोपून तो काहीतरी देत असतो, आणि त्याचे फळ पुढे तुमच्या-माझ्यासारख्यांनाही मिळते. ही वाटणी न्याय्य आहे असे मी म्हणू शकत नाही. सगळ्यांनी अनुभवी हात मागितला तर वीस वर्षांनी अनुभवी हात उरणार नाही, हेही तितकेच खरे. यातून सुटका मला सापडलेली नाही.

अर्ध्या तासाने मी त्या बाईंना फोन केला. म्हटले, "त्या डॉक्टरांना पुन्हा बोलवा आणि दोन गोष्टी विचारा. सर किती वेळ समोर असणार? आणि तुम्ही आधी किती वेळा केलंय?" त्यांनी विचारले. तरुण डॉक्टर चिडला नाही. सर टाके सुरू झाल्यापासून झडप बसेपर्यंत हलत नाहीत, आपण आतापर्यंत नऊ झडपांना टाके घातले आहेत, आणि तुम्हाला नको असेल तर सरांना तसे सांगतो, तुमचा नंबर त्यामुळे मागे जाणार नाही, असे त्याने सांगितले. बाई गप्प राहिल्या. पलंगावरून नवराच बोलला, "दे सही. मी रिक्षा शिकलो तेव्हा पॅसेंजर बसवूनच शिकलो. त्यांना मी सांगितलं पण नव्हतं."

ऑपरेशनला साडेपाच तास लागले. नातेवाइकांना भेटायला तोच तरुण डॉक्टर बाहेर आला. टोपीच्या दोरीचा वळ अजून त्याच्या कपाळावर होता. बाईंनी आधी नवऱ्याचे विचारले, आणि मग, त्यांनाही नंतर याचे नवल वाटले, "तुम्ही किती घातले?" असे विचारले. तो म्हणाला, "चौदापैकी पाच. एक सरांनी काढून मला पुन्हा घालायला लावला."

आता ते रक्त पातळ राहण्याची गोळी घेतात, नियमित तपासणी करतात, आणि रिक्षा चालवतात, रात्रपाळी सोडून. धातूच्या झडपेचा आवाज होतो. रविवारच्या मिस्सेत कम्युनियननंतर सगळे गप्प असतात तेव्हा शेजारच्या बाकावर बसलेल्यांना ती टिकटिक ऐकू येते. एका लहान मुलाने मागच्या आठवड्यात त्यांना विचारले, "अंकल, तुमचं घड्याळ कुठे आहे?"