सहा मिनिटं

परवा तासगावहून मावसबहिणीच्या मुलाचा फोन आला. बारावी झाली, क्लास वन मेडिकलही निघालं, आता वैमानिक व्हायचंय. "मामा, फ्लोरिडात नऊ महिन्यांत सगळं होतं म्हणतात. खरं का?" मी म्हणालो, "होतं की. माझं झालं." फोन ठेवला आणि ते 'होतं की' रात्रभर कानात राहिलं. एवढ्या झटकन कसं निघालं तोंडातून?

खोटं नव्हतं ते. २०१४ साली मी गेलो तेव्हा आबांनी द्राक्षबागेचा एक तुकडा गहाण टाकला होता. नऊ महिन्यांत २५० तास भरले आणि अमेरिकन कमर्शियल लायसन्स हातात आलं. माझ्याच वर्गातला एक मित्र इथे भारतातच एका फ्लाइंग क्लबात शिकत होता. आपल्या डीजीसीएला २०० तास पुरतात, पण तेवढे जमवायला त्याची तीन वर्षं गेली. पावसाळ्यात ढग, नंतर विमान दुरुस्तीला, मग शिक्षकच सोडून गेला. पंधरा दिवसांच्या खंडानंतर विमानात बसलं की पहिला तास मागचं आठवण्यातच जातो, आणि पैसे मात्र पुऱ्या तासाचे पडतात. चाकं टेकायच्या आधी नाक कधी आणि किती उचलायचं हे हाताला कळावं लागतं. आज चुकलं तर उद्या सकाळी पुन्हा करून बघायला मिळालं पाहिजे. मला ते मिळालं. एअरलाइनमध्ये सीनियॉरिटी नंबरावर सगळं ठरतं, तोही मला आधी मिळाला. तो मित्र आज माझ्याच कंपनीत आहे आणि रोस्टर जुळलं की माझ्या उजवीकडे बसतो. विमान तो माझ्यापेक्षा हळुवार टेकवतो.

तेव्हा घाईला नावं ठेवायला मी मोकळा नाही. तिच्याच जिवावर डाव्या, कॅप्टनच्या सीटवर बसलोय.

पण भाच्याला मी माझं शिकणं तेवढं सांगितलं. त्यानंतरचं वर्ष गाळलं. त्या वर्षी मी तिथेच शिकवत होतो.

तिथे एवढे नवे वैमानिक शिकवत का असतात, याचं एक कारण एका अपघातात आहे. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोलगन एअरचं डॅश-८ कोसळलं. विमानातले ४९ आणि ज्या घरावर ते पडलं त्यातला एक, असे ५० जण गेले. वेग घटला, स्टॉलचा, म्हणजे पंखांचा आधार सुटण्याचा, इशारा म्हणून कंट्रोल कॉलम थरथरला, आणि कॅप्टनने तो पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. स्टॉल झाला की नाक खाली, हे पहिल्या काही तासांतच शिकवतात. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१० साली कायदा झाला आणि २०१३पासून तिथे एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारणपणे १५०० तास लागू लागले. त्या रात्री कॉकपिटमध्ये असलेल्या दोघांचेही तास दीड हजाराच्या वरच होते, हे मात्र फार कुणी बोलत नाही.

लायसन्स २५० तासांवर, नोकरी १५००वर. मधले साडेबाराशे आणायचे कुठून? बहुतेक जण शिकवून आणतात. म्हणजे झटपट शाळेत तुमच्या शेजारी जो 'सर' बसतो, तो बऱ्याचदा सहा महिन्यांपूर्वी तुमच्याच सीटवर होता, आणि त्याचं लक्ष पुढच्या नोकरीवर आहे. मला १५०० लागत नव्हते. शिक्षणानंतर वर्षभर काम करायची परवानगी होती, ती संपली की परतायचंच होतं. पण भारतात लायसन्स घेऊन रिकामे बसलेले पुष्कळ होते. त्यांच्यात उठून दिसायला लॉगबुक जाड हवं होतं. वर्षभरात मी सातशे तास शिकवलं. शिकवलं म्हणतो खरा, पण संध्याकाळी खोलीवर आलो की आधी बेरीज करायचो. आज कोणाला काय आलं याची उजळणी केल्याचं फारसं आठवत नाही.

एक विद्यार्थी होता. शांत, कष्टाळू. आमच्या धावपट्टीवर त्याचं लँडिंग देखणं व्हायचं. एकदा त्याला पस्तीस मैलांवरच्या दुसऱ्या विमानतळावर नेलं, तर गडी पार गोंधळला. धावपट्टीकडे वळायला उशीर, उंची जास्त, शेवटच्या टप्प्यात घाईघाईत पॉवर बंद. शेवटी कंट्रोल मी घेतले. परत येताना विचारलं तेव्हा कळलं. आमच्याकडे तो पाण्याची टाकी आली की पॉवर कमी करायचा आणि मॉलचं निळं छप्पर पंखामागे गेलं की वळायचा. तिथे ना टाकी, ना मॉल. आमच्या गावाकडे द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड) देतात, मणी लांबतो, फुगतो, घड बघणाऱ्याचे डोळे दिपतात. साखर भरायची तेव्हाच भरते.

त्याला आणखी पाच-सहा तास हवे होते, वेगवेगळ्या धावपट्ट्यांवर. हे मला कळत नव्हतं असं म्हणू शकत नाही. पण गुरुवारी त्याची चेकराइड होती, ती सुटली तर पुढची तारीख महिनाभराने, आणि त्याच्या जागी नवा विद्यार्थी मला मिळणार होता. मी 'सॅटिस्फॅक्टरी' लिहून सही केली. तो पास झाला. आमच्याच धावपट्टीवर, टाकी बघून.

पुढे काही वाईट घडलं नाही. घडलं असतं तर कदाचित हे फार आधी लिहिलं असतं. तो आज आखातात कुठेतरी उडतो, दिवाळीला मेसेज पाठवतो आणि 'सर' म्हणतो.

टाकी माझ्याही डोक्यात होतीच. को-पायलट झाल्यावर पहिल्याच वर्षी एका लहान विमानतळावर धावपट्टीपर्यंत आणणारी आयएलएस यंत्रणा बंद होती. हवा स्वच्छ, धावपट्टी समोर, आणि मी पडद्यावर आकडे शोधतोय. कॅप्टन हळूच म्हणाले, "बाहेर बघ रे." जुन्या वळणाचे, क्लबात पाच वर्षं घासलेले. त्यांनी नंतर तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

आणि एक गोष्ट, जी मी बायकोलाही सांगितलेली नाही. सेस्नामध्ये हॉब्ज मीटर असतो, तो तासाचे दहा भाग करून मोजतो. एक भाग म्हणजे सहा मिनिटं. लँडिंग झालं, आकडा बदलायच्या बेतात आहे, तर मी विद्यार्थ्याला म्हणायचो, "सावकाश टॅक्सी कर, घाई नको." नियमाने यात काही चूक नाही. उडण्यासाठी विमान हललं की वेळ सुरू होतो आणि थांबल्यावर संपतो. शाळेनेही मला कधी असं करायला सांगितलं नव्हतं. माझ्या वहीत ०.१ वाढायचा आणि त्या पोराच्या बिलात वीस डॉलर. त्याच्याही घरी कुणीतरी काहीतरी गहाण टाकलं असणार.

काल ती वही काढून हिशेब केला. पाचशे उड्डाणं. निम्म्या वेळा जरी असं केलं असेल, तरी २५ तास, म्हणजे पाच हजार डॉलर. माझ्या एवढ्या तासांतले २५ काहीच नाहीत, हे लगेच मनात आलं. इतकं लगेच, की त्याचीच लाज वाटली.

आज सकाळी भाच्याचा पुन्हा फोन. "मामा, मग नऊ महिनेवालंच ठरवू ना? पप्पा बँकेत जायचं म्हणतायत."

"शाळेला विचार, शिकवणाऱ्याचे स्वतःचे तास किती, आणि तो तिथे राहणार किती दिवस. किती वेगवेगळ्या धावपट्ट्यांवर नेणार तेही विचार."

"आणि?"

"बँकेत सोमवारी जा म्हणावं. रविवारी पप्पांना घेऊन इकडे ये. माझी जुनी वही दाखवायचीये."