थापटण्याची परीक्षा

या महिन्याचा विषय लौकिक आहे; परंतु परमार्थाचा कस लौकिकातच लागतो, हे वारकऱ्यास निराळे सांगावयास नको.

तेर गावी संतमेळा जमला असता गोरोबाकाकांचे थापटणे पाहून मुक्ताबाईंनी ते कशाचे म्हणून विचारले, आणि मडके कच्चे की पक्के हे त्याने कळते असे समजताच काकांना सर्वांची परीक्षा करावयास लावली, ही कथा आपण किती वेळा ऐकली असेल! बाकीचे संत थापटणे डोक्यावर बसले तरी स्वस्थ राहिले. नामदेवराय मात्र रागावले, आणि ते मडके कच्चे ठरले. यातला बारकावा पाहा. थापटण्याने मडके कच्चे होत नाही. असलेले कच्चेपण फक्त ऐकू येते. आपल्या कामाविषयी कोणी तक्रार केली तर तेही थापटणेच समजावे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी निवृत्तीच्या पैशांतून जुने घर दुरुस्त करविले. ठेकेदार माळकरी. दोन महिने झाले नाहीत तोच वरच्या न्हाणीखालचे छत ओलावले. खालच्या खोलीत म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या खाटेवर थेंब पडू लागले. स्वयंपाकघरातल्या चार फरशा ठोकल्या की बद्द वाजत. शिवाय बिल ठरल्याहून जास्त. गृहस्थांनी तिन्ही गोष्टी कागदावर लिहून दिल्या. ठेकेदार उसळून म्हणाला, "वीस वर्षे धंदा करतो, कोणी बोट दाखवले नाही. न्हाणीत पाणीच तुम्ही फार ओतता. आणि फरशी मिस्त्रीने बसवली, मी नव्हे!"

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते कळावे म्हणून बोलणे हा वाद, जिंकावे म्हणून बोलणे हा जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडीत बसणे ही वितंडा. वीस वर्षांची फुशारकी हा जल्प झाला, पाणी फार ओतता ही वितंडा झाली. छत मात्र गळतच राहिले! राहिला मिस्त्री. व्याकरण पाणिनींचे घ्या: तेथे करणारा जसा कर्ता, तसा करविणाराही कर्ताच. मिस्त्रीचा हात तो ठेकेदाराचाच हात. पैसे घेताना 'मी' आणि दोष निघाला की 'तो', असे चालत नाही.

मग उत्तर द्यावे कसे? शास्त्री आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो असा की समोरच्यानेच म्हणावे, "हेच माझे म्हणणे." तसे ठेकेदाराने आधी सगळे ऐकावे, जागेवर जाऊन पाहावे, आणि एकेका मुद्द्याचे वेगळे उत्तर द्यावे. न्हाणीची फरशी बसविण्यापूर्वी मोरीच्या तोंडाला बोळा लावून एक-दोन दिवस पाणी तुंबवतात, खाली ओल येते का ते पाहतात. ते केले नसेल तर नाही म्हणावे आणि स्वखर्चाने काम पुन्हा करावे. बद्द वाजणाऱ्या फरशीखाली माल पोकळ राहिलेला असतो. जड वस्तू पडली की ती फुटते. ती उचलून पुन्हा बसवावी. परंतु बिल वाढले ते गृहस्थांनी मध्येच महागडी फरशी पसंत केली म्हणून. तेथे हिशेब दाखवावा, उगीच लोटांगण घालू नये. नसलेला दोष पदरी घेणे ही नम्रता नव्हे. मात्र वाढीव खर्च त्याच वेळी लिहून दोघांनी सही केली असती, तर हा तंटा उद्भवताच ना.

ठेकेदाराने चार दिवस घुश्शात काढले. पाचव्या दिवशी आपण होऊन आला, आईच्या खाटेपाशी उभा राहून वर पाहिले, आणि न्हाणी उखडावयास माणसे लावली. या वेळी दोन दिवस पाणी तुंबवून, खाली कोरडे पाहून, मगच फरशी बसविली. वाढीव बिल त्याने सोडले नाही. गृहस्थांनीही ते मुकाट्याने दिले.

तक्रार करणाऱ्यासही दोन शब्द. थापटणे हे परीक्षेचे साधन, मडके फोडण्याचा सोटा नव्हे. दोष नेमका सांगावा, तारीख घालून लिहावा, दुरुस्तीस मुदत द्यावी. चारचौघांत अब्रू काढून छत गळावयाचे थांबत नाही. इतके करूनही कोणी दाद न दिली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घरबांधणी ही सेवाच गणली आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. तेथे जाणे हे काही वैर नव्हे.

असो. कच्चे ठरलेले नामदेवराय पुढे विसोबा खेचरांना शरण गेले आणि पक्के झाले. कच्चे मडके कुंभार टाकून देत नाही, आव्यात घालतो. ज्याच्या कामाला कोणी नाव ठेवले, त्याने आधी हे आठवावे आणि मग तोंड उघडावे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!