सिगालाची सकाळ



नवदीक्षित कुटुंबात गेले की एक प्रश्न हमखास कानी पडतो. "देव्हारा काढला, देव नदीत सोडले. आता सकाळी करायचे काय?" विचारणारी बहुधा घरातली आई किंवा आजी असते. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. जी बाई तीस-चाळीस वर्षे आंघोळ करून सूर्याला पाणी घालत आली, तिच्या हातांना त्या वेळेची सवय जडलेली असते. बावीस प्रतिज्ञा तिने मनापासून घेतल्या, पण हात रिकामे राहिले. आणि रिकाम्या हातांत जुने देव मागच्या दाराने परत येतात, हे आपण काही थोड्या घरांत पाहिलेले नाही.

ह्याच प्रश्नाचे उत्तर तथागतांनी राजगृहाबाहेर एका तरुणाला दिले आहे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात ही कथा येते. सिगाल नावाचा गृहपतिपुत्र पहाटे उठून, ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना हात जोडत होता. तथागत तेव्हा वेळुवनात राहत होते व भिक्षेसाठी शहराकडे निघाले होते. त्यांनी विचारले, हे काय चालले आहे? तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून करतो. याहून दुसरे कारण त्याच्याजवळ नव्हते.

आता तथागतांनी काय केले ते पाहा. त्यांनी सिगालाला हिणवले नाही. लवकर उठणे सोड म्हटले नाही, वडिलांचा शब्द मोड असेही म्हटले नाही. त्यांनी दिशांना माणसे दिली. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे बायकोमुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. (तथागतांच्या मुखी ब्राह्मण जन्माने ठरत नाही, शीलाने ठरतो, हे विसरू नये.) आणि पूजा म्हणजे त्या त्या माणसांशी आपण कसे वागतो ते.

पश्चिम दिशेपाशी मी थोडा थांबतो, कारण आपले पाऊल तिथेच घसरते. बायकोला मान द्यावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा, तिला वस्त्रालंकार द्यावेत, ही नवऱ्याची पाच कर्तव्ये तिथे सांगितली आहेत.

एकदा मी एका उपासकाच्या घरी मुक्कामाला होतो. पहाटे ते शुभ्र कपडे घालून, मेणबत्ती लावून बसले आणि खणखणीत आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणू लागले. पालीचे उच्चार इतके स्वच्छ की ऐकत राहावे. तेवढ्या वेळात त्यांच्या पत्नीच्या सार्वजनिक नळावर दोन खेपा झाल्या होत्या. तिसरा हंडा कमरेवर घेऊन ती दारातच उभी राहिली. वंदनेत व्यत्यय नको म्हणून! चुलीवर पोराच्या डब्याची भाजी करपत होती. मी काहीच बोललो नाही, चहा घेतला आणि निघालो. ती माझी चूक. पुढच्या मुक्कामी मात्र सांगितले, "दादा, उद्या दोन हंडे तुम्ही आणा, आणि मग वंदनेला सगळे मिळून बसा." ते जरा ओशाळले, पण दुसऱ्या दिवशी नळावर गेले. शेजारणी हसल्या म्हणे. हसू द्यावे.

कोणी विचारतात, वंदना पहाटे चारलाच हवी का? नाही. धम्मात कोणतीही घटका पवित्र नाही नि अशुभही नाही. पहाटेचा गुण एवढाच की एका खोलीच्या घरात तेवढीच वेळ शांत असते. सुभेदार रामजींना हे पक्के ठाऊक होते. परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत संसार. लहानग्या भीमाला लवकर झोपवून ते स्वतः जागत बसत, रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवत आणि मग आपण आडवे होत. मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. घरात पोर शिकत असेल तर त्याच्या अभ्यासाची तासभर शांतता आधी राखा. आपली वंदना हळू आवाजात झाली तरी चालते.

आणि जो रात्री पिऊन आला त्याला सकाळच नाही. त्याच सुत्तात तथागतांनी मद्यपानाचे तोटे मोजून सांगितले आहेत, त्यांत पैसा जाणे आणि भांडणे वाढणे ही पहिली दोन. पाचवे शील सकाळी म्हणायचे असले तरी ते पाळायचे आदल्या संध्याकाळी.

रात्रपाळीच्या बंधूंनी, पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या भगिनींनी मनाला लावून घेऊ नये. कामावरून परत आल्यावर हातपाय धुऊन घरच्यांसोबत बसावे; तीच तुमची सकाळ.

राहता राहिली आजी. तिच्या हातून तांब्या हिसकावू नका. अंगणातल्या रोपाला पाणी घालायला सांगा, आणि शाळेला निघालेल्या नातीची वेणी घालायचे काम तिच्याकडे द्या. वेणी घालता घालता नातीने तिला बुद्ध वंदना म्हणून दाखवावी. पाली शब्द आजीच्या जिभेवर बसायला दोन-तीन महिने लागतील.