इंग्रजी कळते म्हणजे नेमके काय होते?

घरातले वडीलधारे अंगणात बसून एका तरुणाला सांगतात, ‘गाय आण.’ तरुण उठतो, गोठ्यात जातो, गाय घेऊन येतो. जवळ बसलेले लहान मूल हे पाहत असते. त्याला अजून बोलता येत नाही. थोड्या वेळाने वडीलधारे म्हणतात, ‘गाय बांध, घोडा आण.’ तरुण पुन्हा उठतो. बोलण्यातला एक तुकडा तोच राहिला, दुसरा बदलला. त्याबरोबर समोरचे जनावर बदलले, कामही बदलले. असे चार-सहा वेळा झाले की कोणता आवाज गाईचा आणि कोणता आणण्याचा, हे मुलाला कोणी न शिकवता उमगते.

वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या मीमांसकांचा हा ठरलेला दाखला. मोठ्यांच्या या बोलण्याचालण्याला ते वृद्धव्यवहार म्हणतात, आणि वाक्यात एक शब्द घालून, दुसरा काढून अर्थ हाती लागतो त्या रीतीला आवाप-उद्वाप. वेद कोणा पुरुषाने रचलेला नाही, अशी ज्यांची ठाम श्रद्धा, त्यांच्यापुढे प्रश्न अवघड होता. शब्द आणि अर्थ यांची गाठ कोणी घातली? मीमांसासूत्रांवरच्या शबरस्वामींच्या भाष्यात याचे उत्तर आहे. अशी गाठ घालणारा कोणी दाखवता येत नाही. दिसते ते एवढेच, की मोठी माणसे आपापल्या कामासाठी बोलतात, मुले ऐकतात आणि त्यांना अर्थ कळतो. ती मोठी माणसेही कधी काळी मुलेच होती, आणि त्यांनी आपल्या मोठ्यांचे ऐकले होते. वेदाच्या अर्थाचा प्रश्न सोडवायला निघालेले हे शास्त्री थेट घराच्या गोठ्यापाशी येऊन थांबले, ही भारतीय विचारातली एक फार सुंदर घटना आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हापासून हा प्रश्न शास्त्र्यांपुरता उरलेला नाही. मूल इंग्रजी वाचते, लिहिते, उत्तरपत्रिकेत गुणही मिळवते. पण त्याला इंग्रजी कळते का?

उतारा द्यायचा आणि त्याखाली प्रश्न विचारायचे, ही आकलन तपासण्याची रूढ पद्धत. समजा उताऱ्यात वाक्य आहे, ‘द ग्लिम सॅट ऑन द फ्रॅब.’ खाली प्रश्न, ‘व्हेअर डिड द ग्लिम सिट?’ सहावीतले चुणचुणीत मूल क्षणात लिहील, ‘ऑन द फ्रॅब.’ उत्तर बरोबर, पूर्ण गुण. ग्लिम काय आणि फ्रॅब काय, हे मुलाला मुळीच ठाऊक नाही, ही गोष्ट त्या गुणांवरून कोणालाही कळणार नाही. वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्ता’त यास्काने वेद पाठ करूनही त्याचा अर्थ न जाणणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. ती वाचताना शाळेची ही उत्तरपत्रिका आठवल्याशिवाय राहत नाही. यात मुलाचा दोष नाही. त्याच्यासमोर कोणी गाय आणलेलीच नाही.

शब्द सगळे ओळखीचे, व्याकरण स्वच्छ, तरी अर्थ निसटतो, असेही घडते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्गरेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. भारतीय आणि अमेरिकन वाचकांना त्यांनी दोन पत्रे वाचायला दिली. दोन्ही इंग्रजीत. एकात भारतीय लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचे. आपल्याकडच्या लग्नाचे पत्र वाचक लवकर वाचून संपवत आणि त्यातले जास्त लक्षात ठेवत. परक्या लग्नाच्या पत्राची आठवण सांगताना मात्र त्यातल्या गोष्टी नकळत बदलून जात.

अमेरिकन पत्रातली नवरी आपल्या आजीचा लग्नातला पोशाख घालते. नवरीच्या अंगावर काही जुने, काही नवे, काही उसने आणि काही निळे असावे, ते शुभ, असा तिकडचा जुना समज आहे. आजीच्या पोशाखाने जुने आणि उसने, दोन्ही साधले. अमेरिकन वाचकाच्या मनात हे आपोआप उजळले. एका भारतीय वाचकाच्या आठवणीत मात्र उरले ते असे, की नवरी दिसत होती ठीक, पण पोशाख जुनाट आणि फॅशनबाहेरचा होता. त्याला एकही शब्द अडला नव्हता. अडली ती न लिहिलेली गोष्ट.

न लिहिलेले, न बोललेले हेच अर्थाचे मोठे घर असते. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, वाक्यार्थासाठी शब्दांना एकमेकांची गरज असणे, त्यांचे अर्थ जुळणे आणि ते जवळजवळ येणे, म्हणजेच आकांक्षा, योग्यता आणि संनिधी, यांच्या जोडीला तात्पर्यही मागितले. बोलणाऱ्याला काय हवे आहे, ते कळल्याशिवाय वाक्य पुरते कळत नाही. त्यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावरही हेच चालते. ‘कॅन यू पास द सॉल्ट?’ हा व्याकरणाने प्रश्न आहे, पण ‘येस’ म्हणून जेवत राहणाऱ्याला इंग्रजी येते असे कोणी म्हणणार नाही.

इथे एक खरी अडचण उभी राहते, आणि ती धर्माच्या जवळची आहे. दुसऱ्याची भाषा कळायला त्याच्या चालीरीती कळायला हव्यात हे मान्य केले, तर त्या मानायलाही हव्यात का? ख्रिसमसच्या संध्याकाळचे संभाषण समजायला ख्रिस्तावर श्रद्धा लागते का? तसे असेल तर माणसे आपापल्या परंपरेत कोंडलेलीच राहणार.

अंगणातल्या मुलाकडे पुन्हा बघावे. त्या मुलाला गाय नको असते. गाय हवी असते वडीलधाऱ्यांना. तरी मुलाला वाक्य कळते, कारण कोणाला तरी काही हवे आहे आणि त्यासाठी हे बोलणे चालले आहे, एवढे ते ओळखते. हे त्याने कशावरून ओळखले? प्रभाकराच्या परंपरेतल्या मीमांसकांनी दिलेले उत्तर फार मोलाचे आहे. मूल स्वतःवरून ओळखते. आपण काही करायचे आहे असे मनात आल्यावर हातपाय हलवतो, तसेच त्या तरुणाचेही झाले असणार, असे ते धरून चालते. दुसऱ्याचा हेतू आपला करावा लागत नाही. पण तो दिसायला आपल्याजवळ स्वतःचे काही असावे लागते.

फादर थॉमस स्टीफन्स हा याचा पुरावा. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढचे बहुतेक आयुष्य साष्टीच्या परिसरात राहिला. १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही मराठी ओवीत. पुराणांवर त्याची श्रद्धा असणे शक्य नव्हते. पण पुराण ऐकायला बसलेले लोक त्यातून काय मागतात, ते त्याने पुरते ओळखले होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या त्या लोकांसाठी त्याने बायबलातली कथा पुराणाच्या घाटात सांगितली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. शब्दकोश उशाशी घेऊन एवढी मजल गाठता येत नाही. त्यासाठी लोकांच्या बोलण्यात वर्षानुवर्षे कान घालून बसावे लागते.

आपल्या वर्गातही ही वाट उघडी आहे. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एन. एस. प्रभू यांनी इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग चालवला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांपुढे कामे ठेवली जात. रेल्वेचे वेळापत्रक बघून कोणती गाडी धरायची ते सांगा, नकाशावरून वाट काढा. शिक्षक आधी वर्गाशी इंग्रजीत बोलत असेच एक काम करून दाखवत, मग मुले तशाच दुसऱ्या कामाला लागत. मुलांचे लक्ष गाडी मिळते की चुकते याकडे, आणि भाषा त्या ओघात आत शिरते. वृद्धव्यवहार याहून फार वेगळा नाही.

हे सगळे खरे असले, तरी मीमांसकांतल्याच कुमारिल भट्टांचा पक्ष सोडून देऊ नये. शब्द आपापला अर्थ आधी सांगतात आणि मग ते अर्थ जुळून वाक्यार्थ होतो, असे त्यांचे म्हणणे. शब्दार्थ पाठ करण्याला त्यामुळे थोडी जागा राहते, आणि ती असावी. शब्दच नसतील तर घालायचे काय आणि काढायचे काय?

पण इलिनॉयच्या अभ्यासातले अमेरिकन लग्नाचे ते पत्र उद्या आठवीच्या वर्गात वाचायचे ठरले, तर शब्दार्थांची यादी फळ्यावर लिहिण्याआधी शिक्षिकेने एक विचारून बघावे. कोणाच्या घरी आजीची पैठणी किंवा शालू जपून ठेवला आहे? हात वर होतील. तो कोणी नेसला होता, कोणत्या कार्याला, नवा घेता येत असताना जुनाच का? मुले मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागतील, अडेल तिथे शिक्षिका शब्द पुरवेल. त्यानंतर पत्र वाचायला घ्यावे, आणि आजीच्या पोशाखाच्या ओळीपाशी थांबून मुलांचे चेहरे पाहावेत.